‘ऐंशीला व्हॉल्व्ह कशाला?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लातूर-बीडकडच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘मांडीतून तार घालून म्हाताऱ्यांचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदलणं हा नवा प्रयोग आहे. गोळ्यांवर भागतं, फार तर फुगा मारून घ्या. बाकी सगळा धंदा.’

प्रयोग म्हणावा तर तो फ्रान्समधल्या रूआँला आलँ क्रिबिए यांनी २००२ साली केला. त्याला वीस वर्षं उलटून गेली.

‘गोळ्यांवर भागतं’ हे मात्र जिवावर बेतणारं आहे. उतारवयात हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह कॅल्शियम साचून कडक होतो. लघवीच्या गोळीनं सूज उतरते, दम जरा कमी होतो. व्हॉल्व्ह तेवढाच आवळलेला राहतो. ‘पार्टनर’ अभ्यासात (२०१०) सर्जननी ऑपरेशनला नाही म्हटलेले ३५८ रुग्ण होते. वर्षभरात नेहमीच्या उपचारांवरचे ५०.७ टक्के दगावले, तारेनं व्हॉल्व्ह बसवलेल्यांतले ३०.७ टक्के. त्या नेहमीच्या उपचारांत बहुतेकांना फुगाही मारला होता, म्हणजे आत फुगा फुगवून व्हॉल्व्ह ताणला होता! हा व्हॉल्व्ह फुग्यानं उघडतो खरा, पण काही महिन्यांत पुन्हा आवळतो. आपल्याकडे फुग्याचा गुण ऐकून माहीत असतो तो सांधेतापानं आवळलेल्या मायट्रल व्हॉल्व्हचा (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधला), बहुधा तरुण बायामाणसांतला. ते दुखणंच वेगळं.

आता उलट बाजू. ‘तार घातली, दुसऱ्या दिवशी घरी’ असं सांगणारेही भेटतात. त्याच अभ्यासात पहिल्या महिन्यात मोठा लकवा तारवाल्यांत ५ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात १.१ टक्क्यांना. कुणाला पेसमेकर लागतो, कुणाच्या व्हॉल्व्हच्या कडेनं रक्त गळतं. नव्या व्हॉल्व्हमध्ये ही गळती कमी झाली आहे, संपलेली नाही. आणि ‘पार्टनर’च्याच दुसऱ्या भागात, जोखीम जास्त असूनही ऑपरेशन झेपेल अशांमध्ये वर्षभरातले मृत्यू जवळपास सारखेच निघाले : तारेनं २४.२, छाती उघडून २६.८ टक्के. त्यामुळे ऑपरेशन सुचवणारा सर्जन लुटारू ठरत नाही.

धंद्याचं म्हणाल तर खर्च लाखांत जातो, हे खरंच आहे. गुजरातेत वापीला व्हॉल्व्ह बनतो, तरीही. ऐपत नसेल तर घरात तसं उघड बोलावं, ‘गोळ्यांवर भागतं’ म्हणून आबांची समजूत घालू नये.

अंथरुणाला खिळलेल्या, माणसं न ओळखणाऱ्या किंवा कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला हा व्हॉल्व्ह बसवून फारसं काही साधत नाही. तिथं मेसेजचा सल्ला चुकून बरोबर ठरतो. पण कालपर्यंत शेतात जाणारे आबा आज ओसरीची पायरी चढताना थांबत असतील, चक्कर येऊन पडत असतील, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.