शेडमधल्या संकरित लेयरवरून विविधता का मोजता येत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही निपाणीहून लिहिलंय की निवड-पैदाशीने लेयरमधली (अंड्यांसाठीच्या कोंबड्यांमधली) जनुकीय विविधता आटते हे माझं म्हणणं शेतकऱ्यांना उगाच घाबरवणारं आहे. आधाराला तुमच्या शेडमधल्या 12 कोंबड्यांचा अहवाल दिलाय: हेटरोझायगोसिटी (आईकडून आणि बापाकडून आलेली जनुकाची रूपं वेगवेगळी असण्याचं प्रमाण) खानापूरकडच्या गावठी कोंबड्यांपेक्षा जास्त. आकड्याशी माझं भांडण नाही. तो चुकीच्या पायरीवर मोजलाय, एवढंच.

शेडमधली लेयर साधारणपणे चार शुद्ध लाइनच्या (पिढ्यान्‌पिढ्या आपसातच वाढवलेल्या वाणांच्या) संकरातून येते. समजा, डीएनएतल्या एका जागी आईकडच्या बाजूला जनुकाचं फक्त 'अ' हे रूप (अ‍ॅलील) उरलंय आणि बापाकडच्या बाजूला फक्त 'ब'. दोन्ही बाजूंची विविधता शून्य, पण त्यांची प्रत्येक तलंग 'अब'. दिसलेली हेटरोझायगोसिटी 1, अपेक्षित (मुक्त मिलनात यायला हवी ती) मात्र 0.5. पहिलीला दुसरीने भागून 1 मधून वजा करा, उत्तर येतं उणे 1. अहवालात हा अंतःप्रजनन (नात्यातली पैदास) निर्देशांक असतो. बहुतेक मार्करवर (डीएनएतल्या तपासलेल्या जागांवर) तो उणे असेल, तर संकर दिसतोय, विविधतेचा साठा नव्हे. 'अब' कोंबड्या एकमेकींसारख्याच असतात. त्यांची अंडी उबवलीत तर पुढची पिढी 'अअ', 'अब', 'बब' अशी फुटते आणि अंड्यांचं प्रमाण विस्कटतं. साठा बघायचा तर शुद्ध लाइनमध्ये. 2008 सालच्या एका जागतिक अभ्यासात व्यापारी शुद्ध लाइनमधून मूळ जातींमधली निम्मी किंवा त्याहून जास्त विविधता गायब दिसली होती.

गावठीची तुलनाही तपासून घ्या. गावात गिरिराजाचे किंवा ग्रामप्रियाचे (परसातल्या सुधारित वाणांचे) कोंबडे सोडले असतील, तर ती हेटरोझायगोसिटी गावठीची राहत नाही. उलट आठवडी बाजारात खानापूर, अथणी, चंदगड अशा तीन ठिकाणच्या कोंबड्या एकाच नमुन्यात घातल्या, तर अपेक्षित आकडा फुगतो आणि नसलेलं अंतःप्रजनन दिसतं. म्हणून गावनिहाय वेगळा नमुना, एका घरची एकच कोंबडी, एकाच खुडूक कोंबडीखालची दोन पिल्लं नाहीत. 12 नमुने कमी पडतात. विरळ अ‍ॅलील त्यात बऱ्याचदा सापडत नाहीत. निदान 25 तरी घ्या, 40 घेतलेत तर उत्तम.

रक्त पंखाखालच्या शिरेतून अर्धा मिली, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत. पक्ष्यांच्या लाल पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे डीएनएला खरं तर काही थेंबही पुरतात. नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करा, नाहीतर गुठळी होते. हेपरीनची नळी नको, ते पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेला) अडथळा करतं.

अहवाल हातात आल्यावर एक गोष्ट नक्की बघा: झेड या लिंग-गुणसूत्रावरचे मार्कर वगळलेत का? कोंबडीत झेड एकच असतो, तेव्हा तिथे ती कायम होमोझायगस (दोन्ही रूपं सारखी असलेली) दिसते आणि सरासरी खाली ओढली जाते. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतल्या छोट्या तुकड्यांच्या पुनरावृत्तीवरचे मार्कर) वापरले असतील आणि एकाच मार्करवर निर्देशांक खूप वर गेला असेल, तर बहुधा एक अ‍ॅलील वाचलं गेलेलं नाही. अंतःप्रजनन असलं तर ते साधारण सगळ्याच मार्करवर उमटतं.

शेवटी कळप टिकवण्याबद्दलचा तुमचा प्रश्न, "10 कोंबडे आणि 100 कोंबड्या म्हणजे 110 पक्षी, पुरे नाहीत का?" नर गुणिले माद्या गुणिले 4, भागिले दोघांची बेरीज: 4000 भागिले 110, म्हणजे प्रभावी संख्या (अंतःप्रजननाच्या हिशेबात कळप किती पक्ष्यांएवढा ठरतो ती) 36. अंतःप्रजनन दर पिढीला सुमारे 1.4 टक्के वाढणार. प्रभावी संख्या किमान 50 हवी, म्हणजे ही वाढ 1 टक्क्याच्या आत राहते. त्याऐवजी 20 नर आणि 60 माद्या ठेवा: पक्षी 80, प्रभावी संख्या 60. खाद्यही कमी लागेल. मात्र हे सूत्र सगळ्यांना पिल्लं होण्याची संधी सारखी आहे असं धरून चालतं. भरपूर अंडी देणाऱ्या दोन-तीन माद्यांचीच पिल्लं पुढे नेलीत तर खरा आकडा बराच खाली येतो, म्हणून प्रत्येक नराचा एक मुलगा आणि प्रत्येक मादीची एक मुलगी राखा, आणि निवड त्या-त्या घराण्याच्या आतच करा.