नदीपलीकडचा पत्ता

१९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवले ते पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर, आणि सुनील गावसकरांचे पदार्पणही त्याच सामन्यातले. त्यामुळे त्रिनिदादच्या या राजधानीचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले. त्या मैदानाजवळची वुडब्रुक ही वस्ती मूळची उसाचा मळा. अंगोस्तुरा बिटर्स हा पेयांत घालायचा कडवट अर्क बनवणाऱ्या सीगर्ट कुटुंबाकडून तो १९११ साली नगरमंडळाने घेतला. मोजून पाडलेले भूखंड, सरळ रस्ते, छपराच्या कडेला लाकडी नक्षीची झालर असलेली टुमदार घरे. कार्लोस, आल्फ्रेडो, लुईस ही सीगर्टांच्या घरातली नावे आजही तिथल्या रस्त्यांना आहेत.

पूर्वेला लावेंतीलची टेकडी आहे. शहराला वाढायला जागा हवी म्हणून १७८७ साली स्पॅनिश गव्हर्नर चाकोन यांनी सांता आना नदीचा प्रवाह वळवून टेकडीच्या पायथ्याशी नेला, आणि तीच नदी पुढे शहराची सीमा होऊन बसली. १८३८ साली गुलामगिरीतून पूर्ण सुटलेल्या, पण वीतभरही जमीन न मिळालेल्या माणसांनी ही टेकडी धरली. नंतर आसपासच्या बेटांवरून पोटासाठी आलेली माणसेही इथेच चढली. फळ्या आणि पत्र्याची एक खोली, हातात चार पैसे आले की शेजारी विटांची दुसरी, आणि अरुंद, उभ्या पायऱ्यांवरून सार्वजनिक नळाचे पाणी बादल्यांनी वर नेणे, अशी ही वस्ती वाढली. तेलाच्या पिंपांतून सूर काढणारे स्टीलपॅन हे वाद्य याच टेकड्यांवर घडले, आणि आज ते देशाचे भूषण आहे. तरीही ‘पुलापलीकडचा’, म्हणजे त्या नदीपलीकडचा, ही तिथल्या माणसाची ओळख इतकी जाचक ठरते की नोकरीच्या अर्जावर अनेकजण दुसऱ्याच भागाचा पत्ता लिहितात. हे वाचताना मला फार वाईट वाटते.

पश्चिमेकडच्या सेंट जेम्समध्ये बॉम्बे स्ट्रीट आहे. नाव मुंबईचे, पण तिथे वस्ती केलेले मळ्यांवरचे करारबद्ध मजूर बहुतेक बिहार-अवधकडचे. तिथे मोहरमला ताबूत निघतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की या वस्त्यांमधला फरक माणसांच्या कष्टांत नसून जमिनीच्या कागदात आहे. १९९८ च्या कायद्याने सरकारी जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांना हुसकावले जाणार नाही अशी हमी देणारे प्रमाणपत्र देऊ केले, आणि ते योग्यच झाले. परंतु हमी म्हणजे मालकी नव्हे, त्यावर बँक कर्ज देईलच असे नाही. दुसरीकडे मूळ शहर रिकामे होत आहे: १९६० च्या सुमारास ९० हजारांवर असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ३७ हजारांवर आली, लोक दिएगो मार्टिनकडे आणि अरिमाच्या वाटेवरच्या उपनगरांत गेले, वुडब्रुकच्या घरांत कार्यालये आणि उपाहारगृहे आली. अशा शहरात पाऊणशे-शंभर वर्षे टेकडी धरून राहिलेल्यांना अतिक्रमण करणारे म्हणणे मला पटत नाही. त्यांच्या जागेची मोजणी आधी व्हावी, पायऱ्यांना कठडे आणि घरांना नळजोडण्या मिळाव्यात, आणि पक्का भाडेपट्टा घरातल्या बाईच्याही नावावर व्हावा.