टिकलीवाला रिमोट : 'कोडवाला' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कोडवाला साहेब, नमस्कार.

उत्तर द्यायला चार दिवस लागले. पहिल्याच दिवशी लिहायला बसले असते तर नुसतं भांडण झालं असतं, आणि तुमची प्रतिक्रिया भांडून सोडून द्यावी अशी नव्हती.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आईने सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवर दोन टिकल्या चिकटवल्यात, लाल म्हणजे चालू-बंद आणि हिरवी म्हणजे 'काहीतरी भलतंच झालं, परत आण'. त्यावरून मी लिहिलं होतं की ही टिकली म्हणजे रिमोट बनवणाऱ्याकडे केलेली तक्रार आहे, फक्त ती त्याच्यापर्यंत कधी पोचत नाही. त्यावर कोडवाला यांचं म्हणणं थोडक्यात असं : हा सगळा भावनिक मामला आहे, माणसाची शिकायचीच तयारी नसेल तर डिझायनर काय करणार, माझे सत्तरीतले काका यूपीआयपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं शिकले, सगळं बाळबोध करून ठेवलं तर रोज काम करणाऱ्याचे हाल होतात, आणि शेवटी 'तुम्ही स्वतः कधी प्रॉडक्ट बनवलंय का?'

शेवटापासून सुरू करते. नाही, बनवलेलं नाही. पण मी अकरा वर्षं सपोर्टला होते, पतसंस्थांना अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत, म्हणजे तुम्ही जे बनवता ते लोकांच्या हातात पडल्यावर काय होतं ते ऐकून घेण्याचा मला पगार मिळायचा. आणि त्यातला एक किस्सा तुमच्या 'शिकायची तयारी'वालाच आहे.

आमच्याकडे 'डे एंड' नावाचा प्रकार होता. दिवसाचा हिशोब बंद, त्या तारखेला परत एकही एंट्री नाही. डे एंडवर क्लिक केलं की बॉक्स यायचा, 'डे एंड करायचा आहे का?' आणि खाली होय, नाही. कर्सर होय वर. आता बघा, ज्या बाई किंवा बुवा दिवसभर व्हाउचर भरतात त्यांची बोटं प्रत्येक रकान्यानंतर एंटर मारतात, एंटर एंटर एंटर, डोळे कागदावर असतात, स्क्रीनकडे बघायला वेळ कुणाला आहे? त्या नादात दुपारी तीन वाजता काउंटरवर लाइन उभी असताना डे एंड व्हायचा आणि मग फोन, "मॅडम, झाला हो चुकून." आम्ही काय केलं? ट्रेनिंग. सर्क्युलर. कीबोर्डाशेजारी चिकटवायला लाल अक्षरातला कागद. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच फोन, आणि आम्ही हेडफोन काढून एकमेकांना सांगायचो की लोकांना अक्कल नाही, मीही सांगायचे.

मग कुणीतरी कर्सर 'नाही' वर नेऊन ठेवला. तीन आठवडे शांतता. मग बोटांनी नवीन चाल शिकून घेतली, बाण-एंटर, बाण-एंटर, आणि फोन परत सुरू. (म्हणून माझा 'खात्री आहे का?' विचारणाऱ्या बॉक्सवर काडीचा विश्वास नाही. दिवसात पन्नासदा विचारलं की माणूस वाचणं सोडून देतो.) शेवटी आमच्यातल्या एका जुन्या प्रोग्रॅमरने पहिल्यांदा वेगळा विचार केला, की चूक होणारच आहे, तर ती परत फिरवता येऊ दे. मॅनेजरच्या पासवर्डने अर्ध्या तासाच्या आत दिवस पुन्हा उघडायची सोय त्याने दिली. चुका बंद झाल्या नाहीत, फोनवरची रडारड बंद झाली. तीच माणसं, तेवढीच अक्कल.

तर माझा मुद्दा एवढाच आहे. एक माणूस एकदा चुकला तर त्याचं लक्ष नव्हतं असं म्हणू या. शंभर माणसं एकाच जागी एकच चूक करत असतील तर बघायचं त्या जागेकडे.

आता काका. काकांना माझा मनापासून नमस्कार, पण मला सांगा, त्यांच्या शेजारी बसून कुणी शिकवलं? बहुतेक तुम्हीच. ज्यांना पुतण्या नाही त्यांनी काय करायचं? आणि दुसरं, तुमची प्रतिक्रिया मी आईला वाचून दाखवली तर ती चिडली वगैरे नाही, म्हणाली, "बरोबर आहे की त्याचं, शिकायला पाहिजे. पण मी शिकले होते गं, त्यांनी नवा बॉक्स दिला आणि सगळी बटणं हलवली." याला तुमच्याकडे उत्तर आहे का, कारण माझ्याकडे नव्हतं. ॲपचा अपडेट येतो, काल खाली असलेलं बटण आज वर डाव्या कोपऱ्यात तीन रेघांच्या मागे जातं, आणि आपण म्हणतो म्हाताऱ्यांना नवीन जमत नाही. जमलेलं होतं हो. तुम्ही पुसून टाकलंत.

आपल्या ओळखीतला हुशार माणूस मोजमापाला घ्यायचा हा मोह जुनाच आहे. एटीएमच्या पिनचा किस्सा माहीत असेल तुम्हाला. लंडनमधल्या एनफिल्डला २७ जून १९६७ ला बार्कलेज बँकेचं पैसे देणारं मशिन सुरू झालं, त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन यांनी स्वतःच पुढे सांगितलंय की त्यांच्या मनात सहा आकडी नंबर होता, कारण त्यांना स्वतःला आपला सैन्यातला नंबर पाठ होता. स्वयंपाकघरात बसून बायकोला विचारलं तर ती म्हणाली माझ्या डोक्यात चारच आकडे राहतात. झाले चार. आता बाईंना दोन आकडे आणखी पाठ करायचं ट्रेनिंग देता आलं असतंच की.

आणि एटीएमचंच दुसरं. सुरुवातीच्या बऱ्याच मशिनांत आधी पैसे बाहेर यायचे आणि मग कार्ड, आणि लोक कार्ड विसरून जायचे. जाणारच, माणूस पैसे काढायला आलाय, पैसे हातात पडले की त्याच्या दृष्टीने काम संपलं. मग क्रम उलटा केला, आधी कार्ड घ्या, मग पैसे. एकालाही क्लासला बसवावं लागलं नाही.

तुम्ही यूपीआयचं उदाहरण दिलंत म्हणून त्यातलंच एक घेते, कारण ते तुमच्या मुद्द्याच्या बरोबर उलटं जातं. कलेक्ट रिक्वेस्ट आठवते ना, म्हणजे समोरच्याने आपल्याकडे पैसे मागायची सोय? जुना सोफा विकायला टाकला की कुणीतरी फोन करणार, मी आर्मीत आहे, ॲडव्हान्स पाठवतो, तुमच्या फोनवर आलंय बघा, पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. आणि पिन टाकला की पैसे जायचे. यावर किती वर्षं लोकशिक्षण चाललं! मेसेज, जाहिराती, बँकेतले बोर्ड, 'पैसे घेताना पिन लागत नाही' हे वाक्य लहान पोरांनासुद्धा पाठ झालं असेल, तरी लोक फसतच होते, त्यात शिकलेसवरलेलेही होते, इंजिनिअरसुद्धा (नाव घेत नाही, आमच्याच घरातला आहे). कारण पैसे देतानाही पिन आणि हे 'घेतानाही' तसाच पिन, स्क्रीन दिसायला तशीच, आणि पलीकडून बोलणारा घाई करतोय. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोयच बंद केली, दुकानदारांची ठेवली. म्हणजे वर्षानुवर्षं लोकांना शिकवून झाल्यावर शेवटी हात कुठे लावावा लागला? मशिनलाच.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणणार, झालं, म्हणजे सगळं काढून टाका, बाळबोध करा. थांबा. तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मला सगळ्यात जास्त लागला, त्याच्याकडे येतेच आहे, पण आधी बाळबोध हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलाय त्याबद्दल बोलू.

आपल्या देशातलं सगळ्यात बाळबोध मशिन कुठलं? ईव्हीएम. नाव, चिन्ह, निळं बटण. दाबलं की लाल दिवा लागतो, लांब बीप वाजते, शेजारच्या व्हीव्हीपॅटमध्ये चिठ्ठी सात सेकंद दिसते. चिन्हांची कल्पना तर १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासूनची, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी आणि तिच्यावर चिन्ह, कारण १९५१ च्या जनगणनेत साक्षर होते जेमतेम १८ टक्के. तेव्हाच्या लोकांनी 'आधी साक्षर व्हा, मग मत द्या' असं म्हटलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. पण मला दाखवायची आहे ती वेगळीच गोष्ट. ईव्हीएमचं बटण तुम्ही दहादा दाबा, मत एकच पडतं, अधिकाऱ्याने पुढच्यासाठी मशिन खुलं करेपर्यंत ते ऐकतच नाही. आणि आपल्या पेमेंटच्या पानावर काय लिहिलेलं असतं? 'कृपया बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका, विंडो बंद करू नका.' म्हणजे चाक फिरतंय, नेट रडतंय, पैसे गेले की नाही कळत नाहीये, आणि वर आपणच श्वास रोखून बसायचं. दोनदा दाबलं तरी पैसे एकदाच जावेत ही सोय करता येते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तुमच्यात त्याला आयडेम्पोटंट की काय म्हणतात. मग बाळबोध कोण आणि अवघड काम कुणी केलं?

आणि भाषेचं तर विचारूच नका. एका ॲपमध्ये आईने हौसेने मराठी निवडलं तर पुढे आलं 'प्रमाणीकरण अयशस्वी'. ती म्हणाली, हे कुणाचं श्राद्ध आहे का? 'पिन चुकला, परत टाका' एवढंच म्हणायचं होतं.

आता तुमचा खरा मुद्दा. रोज काम करणाऱ्याला दोन बटणांचं मशिन दिलं तर त्याचा जीव जाईल. एकदम मान्य. मागच्या लेखात मी 'दोन बटणं ठेवा, बाकी काढा' असं लिहून गेले ते चूक होतं. आमची आईच त्या रिमोटवरचं रेकॉर्डिंग स्वतःहून शोधून वापरते हे मला तुमच्या प्रतिक्रियेनंतर कळलं, म्हणजे मी जिच्या वतीने बोलत होते तिलाच विचारलं नव्हतं. पण लोकांचा विचार करणं म्हणजे कमी बटणं असंही नाही ना. एसटीच्या कंडक्टरचा जुना ट्रे आठवा. रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या, हातात पंच, त्याची टिकटिक. तुम्हाआम्हाला तो ट्रे दिला तर पहिल्या स्टॉपपर्यंत गोंधळ होईल, पण कंडक्टर अर्ध्या अंधारात बोटांनी बरोबर गड्डी उचलायचा. तो ट्रे सोपा नव्हता, पण तो ज्याच्या गळ्यात होता त्याचाच विचार करून बनवलेला होता. नंतर बटणांची मशिनं आली, त्यातही बोटाला जागा समजते, पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतो तो त्यासाठीच. हल्ली टचस्क्रीनवाली आलीत, मागे एकदा घाटात बघत होते, कंडक्टर पाय रोवून दांड्याला टेकलाय, दोन्ही डोळे मशिनमध्ये, आणि वळणावर बोट भलतीकडे, परत मागे, परत पहिल्यापासून. क्यूआर आला, सुट्ट्यांची कटकट गेली, हे चांगलंच झालं, पण काचेला उंचवटा नसतो. गाड्यांच्या बाबतीत हे युरोपात लोकांच्या लक्षात आलंय, तिथली युरो एनकॅप ही सुरक्षा तपासणारी संस्था २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझर्ड लाइट आणि एसओएस (संकटात मदत मागायची सोय) यांना खरंखुरं बटण किंवा दांडी नसेल तर पूर्ण गुण देत नाही. आणि हे कुठल्या आज्जीसाठी नाही, रोज गाडी चालवणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

भाजीवालीकडचा तो बोलणारा डबा घ्या, साउंडबॉक्स. हात मातीने भरलेले, एकीकडे मेथी मोजतेय, ऊन असं की फोनची स्क्रीन काळी दिसते, आणि गिऱ्हाईक नुसता स्क्रीनशॉट दाखवून निघून जायचं. डबा ओरडला की विषय मिटला. तिला फोन येत नाही म्हणून तो डबा नाही, तिच्याकडे फोन बघायला वेळ नाही म्हणून आहे. मी 'वृद्धांचा प्रश्न' असं म्हणून लेख लिहिला ही माझी दुसरी चूक, त्यामुळे तुम्हाला काका आठवले. ओले हात, फुटलेला चष्मा, कडेवर मूल, लोकलमध्ये एक हात वर लटकलेला, यात वयाचा काय संबंध?

एक मात्र मी मागे घेणार नाही. तुम्ही लिहिलंय की आम्हाला मॅनेजर सांगतो तेच बनवावं लागतं. असेल, आमच्याकडेही तसंच होतं. पण मग 'लोकांना शिकायचं नाही' असं लिहू नका, 'आम्हाला वेळ दिला नाही' असं लिहा, ते खरं आहे आणि त्याबद्दल मी तुमच्या बाजूने भांडेन.

आणि तुम्ही रिमोटचा फोटो मागितला होता. टाकला असता, पण हिरवी टिकली पडली आहे, सध्या तिथे मोरपिशी आहे, ती आईला पसंत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी वाणात टिकल्यांचं पाकीट देईलच, तेव्हा बघू.