शिराळ्याचा नाग सुटला, आपला अजून टपातच आहे

परवा एका फोटोग्राफीच्या ग्रुपवर नागाचा फोटो पडला. फणा पूर्ण उभारलेला, मागं मावळतीचं आभाळ. तासाभरात लाइकचा पाऊस. मी फोटो मोठा करून बघितला. नागाखालच्या कातळावर ओलसर गोल वळ उमटला होता, टपाच्या काठाएवढा.

साप पकडायचा, त्याच्यावर टप पालथा घालायचा. आत अंधार झाला की तो वेटोळं करून गप्प बसतो. मग टप उचलायचा, नाग दचकून फणा काढतो, आणि दहा कॅमेरे खटाखट वाजतात. मला हे कळतं, कारण नऊ-दहा वर्षांपूर्वी मीही असे फोटो काढलेत. फ्रेम करून भिंतीवरही लावले होते.

माझं आजोळ सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा. नागपंचमीला पूजेसाठी पकडून गाडग्यातून काढलेले जिवंत नाग लहानपणी डोळ्यांनी बघितलेत. २०१४ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते थांबलं. तेव्हा आम्ही फोटोवाल्यांनी ‘अखेर नाग सुटला’ म्हणून लांबलचक पोस्टी लिहिल्या. शिराळकरांना नावं ठेवली. त्यांची निदान श्रद्धा तरी होती. गाडग्याच्या जागी टप आणून आपण काय वेगळं केलं? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राणी पकडणंही येतं, एवढं तरी पोस्टी लिहिणाऱ्यांनी वाचायला हवं होतं. मीही वाचलं नव्हतं.

फणा काढलेला नाग म्हणजे घाबरलेला नाग. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं. दोघंही एकच सांगत असतात, मागं हो. आणि आपण नेमकं त्याच क्षणी पुढं सरकून ‘काय ॲक्शन मिळाली!’ म्हणतो.

माझी खोड मोडली ती साताऱ्याजवळच्या कास पठारावरून बामणोलीकडं उतरताना. पावसाळ्याची अखेर, कारवीवर धुकं. खालच्या फांदीवर हिरवागार चापडा दिसला, झाडाझुडपांवर राहणारा विषारी साप. मी गुडघे टेकले आणि शंभर मिलिमीटरच्या मॅक्रोनं, म्हणजे अगदी जवळून टिपायच्या लेन्सनं, पुढं पुढं सरकत राहिलो. तिनं पूर्ण जवळून टिपायचं तर काच आणि साप यांच्यात जेमतेम वीतभर अंतर उरतं. त्यात एक डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की अंतराचा अंदाजच राहत नाही. शेजारून गुरं घेऊन चाललेले एक मामा थांबले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "पावणं, हाय तसंच ऱ्हावा. मान हलवू नगा."

माझ्या उजव्या कानाजवळ, हातभर अंतरावर, दुसरा चापडा होता. पानासारखाच. कधीपासून होता कोण जाणे. मामांनी काठी पुढं केली नाही, आरडाओरडा केला नाही. नुसतं "आता डावीकडं, दमानं" असं सांगत मला बाहेर काढलं. मग विचारलं, "एवढं तोंडात जाऊन काय दिसतंय त्येच्यात?" मला उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा खरा घाम फुटला. आपल्याकडचं अँटीव्हेनम, म्हणजे सर्पदंशावरचं औषध, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. चापड्यासाठी नाही. त्याच्या दंशानं माणूस सहसा मरत नाही, पण सूज आणि वेदना भोगाव्याच लागतात.

तेव्हापासून मॅक्रो घरीच असते. लांबून टिपणारी ३०० मिलिमीटरची टेलिलेन्स नेतो, आणि सापाच्या लांबीहून जास्त अंतर मध्ये ठेवतो. फोटोत साप लहान आला तर येऊ दे, भोवतीची कारवीही दिसते. सोबत एकजण असा असतो की जो कॅमेऱ्याला हातच लावत नाही, नुसता जमिनीवर, फांद्यांवर आणि माझ्या पाठीमागं नजर ठेवतो (बायको हे काम उत्तम करते, टोमण्यांसह). गमबूट घालतो. निघण्याआधी जवळच्या कुठल्या दवाखान्यात अँटीव्हेनम आहे ते फोन करून विचारतो. रात्री मण्यारीच्या मागं जात नाही. तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही, नंतर पापण्या जड व्हायला लागतात तेव्हा कळतं. फ्लॅशही कमी केलाय. सापाला पापण्या नाहीत, त्यानं डोळे मिटायचे कसे?

आणि घाई तर अजिबात नाही. चापडा दबा धरून शिकार करणारा साप. एकदा जागा धरली की तासन्‌तास हलत नाही, कधी कधी दोन-दोन दिवस. मागच्या शनिवारी एक बघितला, रविवारी गेलो तर त्याच फांदीवर. हनुवटीला पावसाचा थेंब लोंबत होता. थेंब पडला, दुसरा जमला, तरी तो तसाच.

तो फोटो खाली टाकलाय. साप शोधावा लागेल. जागा विचारू नका, इनबॉक्समध्येही सांगणार नाही.