‘सिस्टरनं सलाईन बघावं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: म्हाताऱ्यांचा छळ हे पुण्या-मुंबईचं खूळ. वयानुसार अंगावर डाग पडतातच. नर्सनं सुई-सलाईन बघावं, लोकांच्या घरात नाक खुपसू नये, त्यानं घरं मोडतात. आणि म्हातारीचीच तक्रार नसेल तर तुम्ही कोण? मी वॉर्डात नोकरी केलेली बाई आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘आपल्याकडं नाही.’ 2017-18 च्या लासी या ज्येष्ठांच्या देशव्यापी पाहणीत साधारण 5 टक्के ज्येष्ठांनी वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना तर सहात एक म्हणते. शिवाय छळ म्हणजे नुसती मारहाण नव्हे. विटा-आटपाडीकडं मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परराज्यात, घरी एकटी आई, बीपीच्या गोळ्या संपून महिना झालेला. यालाही हेळसांडच म्हणतात.

‘डाग पडतातच.’ हे निम्मं खरं आहे. कातडी पातळ होते, त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असली की नुसतं दाराला हात लागला तरी काळंनिळं होतं. पण कुठं होतं, ते बघायचं असतं. 2005 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्येष्ठांच्या अंगावरचे अपघाती डाग रोज तपासले. जवळपास 90 टक्के हातापायांवर निघाले. मान, कान, कुल्ले, पायाचे तळवे इथं एकही नाही. रंगावरून डाग किती दिवसांचा ते ठरवता येत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून कानामागं काळं दिसलं, किंवा दोन्ही दंडांवर आतून बोटं उमटल्यासारखं दिसलं, की विचारायचं. पायरीवरून पडलेल्या माणसाला दंडावर बोटं कशी उमटतील?

आता नर्सनंच का. कारण बीपीचा पट्टा दंडालाच बांधतात आणि त्यासाठी बाही वर करावी लागते. स्पंजिंग ती करते, कूस ती बदलते, पाठीवरची शय्याव्रणं, म्हणजे पडून राहून झालेल्या जखमा, पहिल्यांदा तिलाच दिसतात. राउंडला डॉक्टर येतात तेव्हा आजी पदर घेऊन बसलेली असते आणि उत्तरं मुलगा देत असतो. मग आम्ही म्हणायचो, ‘दादा, एवढी औषधं खालून घेऊन या.’ दादा गेले की, ‘आजी, घरी जेवायला कोण वाढतं? तुमचं बँकेचं पुस्तक कुणाकडं असतं?’ श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे पैसे कुठं जातात, ते या दुसऱ्या प्रश्नात कळतं. आणि ॲडमिट पेशंटच्या डाव्या अंगठ्याला शाई दिसली, तर आधी विचारावं की कागद कसला होता.

‘घरं मोडतात’ म्हणणाऱ्यांना वाटतं, सिस्टर लगेच पोलिसांत धावते. बऱ्याचदा समोर रात्र-रात्र जागून टेकीला आलेली सून असते. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची आणि भरवताना किती टेकवून बसवायचं, हे दाखवलं तरी पुष्कळ फरक पडतो. जिथं खरंच दुखापत संशयास्पद असते, तिथं नर्स डॉक्टरांच्या कानावर घालते आणि एम.एल.सी., म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करायची की नाही ते डॉक्टर बघतात. पुढची वाट आजीला माहीत हवी एवढंच. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करून महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर जमीन बक्षीस दिली असेल आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

उरला शेवटचा मुद्दा, ‘तिचीच तक्रार नाही.’ कशी असेल? डिस्चार्जनंतर तिला त्याच घरी जायचंय. तरीही ती शुद्धीत आणि समजून ‘नको’ म्हणाली, तर तिचा शब्द अखेरचा. तिच्या नावानं परस्पर तक्रार ठोकणं मलाही पटत नाही. पण डाग कुठं, केवढा, आणि आजी काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर तारीख-वेळ घालून लिहायचं. सहा महिन्यांनी ती परत आली आणि ड्यूटीवर दुसरीच सिस्टर असली, तर तिला मागचं पान उघडून वाचता आलं पाहिजे.