मावशी, डॉक्टर हू दशावतारातून आलेला नाही

भाची आठवीत आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला ‘डॉक्टर हू’चं वेड मीच लावलं, त्यामुळे पुढे जे झालं त्यात थोडा दोष माझाही आहे. परवा तिने शाळेच्या हस्तलिखितासाठी लिहिलेला लेख मला वाचायला पाठवला. मथळा : ‘डॉक्टर हू : आपल्या दशावताराचे इंग्रजी रूप’. सोबत मेसेज, ‘मामा, तू मला हे कधीच सांगितलं नाहीस!’

सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. हे हिने कुठून उचललं ते शोधायला लांब जावं लागलं नाही. घरच्या ग्रुपवर आठवड्यापूर्वी मावशीने एक फॉरवर्ड टाकला होता. दोन बाणांची ‘अनेकदा फॉरवर्ड’वाली खूण, वर तीन दिवे, खाली ‘अभिमान वाटला तर पुढे पाठवा’. मावशीने आयुष्यात या मालिकेचा एक भाग पाहिलेला नाही. अभिमान मात्र वाटला.

ज्यांना मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. परग्रहावरचा एक माणूस, नाव फक्त ‘डॉक्टर’, निळ्या पोलीस बॉक्सच्या आकाराच्या यानातून काळात भटकतो. मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं, चेहरा बदलतो, स्वभावही बदलतो, आणि भूमिकेत नवा नट येतो. चाहते याला रीजनरेशन म्हणतात. बीबीसीवर हे १९६३पासून चालू आहे, मध्ये काही वर्षं बंद पडून.

फॉरवर्ड थोडक्यात असा : केनेडींच्या हत्येमुळे पहिला भाग आठवडाभर पुढे ढकलला. पहिला दिग्दर्शक लखनौचा, त्याने दशावताराची कल्पना इंग्रजांना दिली, म्हणूनच डॉक्टर रूपं बदलतो. डॉक्टरला फक्त बारा वेळा बदलता येतं, त्यामुळे तो २०१३मध्येच मेला, आता दाखवतात तो खोटा. डॉक्टरला ‘डॉक्टर हू’ म्हणणारा अडाणी. डालेक नावाच्या शत्रूंना जिना चढता येत नाही. आणि शेवटी कळस : सगळं आधीच ठरलेलं असल्यामुळे साठ वर्षांत एकही विसंगती नाही.

केनेडींचा मुद्दा एका दमात संपतो. हत्या २२ नोव्हेंबर १९६३ची, पहिला भाग २३ नोव्हेंबरचा, शनिवारचा. तो त्याच दिवशी लागला, ठरल्या वेळेपेक्षा सुमारे ऐंशी सेकंद उशिरा. त्या गडबडीत तो नीट पाहिला गेला नाही म्हणून ३० नोव्हेंबरला दुसऱ्या भागाच्या आधी पुन्हा दाखवला. ‘आठवडा’ हा शब्द इथून आला असावा.

आता दशावतार. मी याच्यावरच बसणार आहे, कारण पोरीने अख्खा लेख याच्यावर उभा केलाय.

फॉरवर्डकडे तीन पुरावे आहेत. एक, दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. दोन, डॉक्टर पहिल्यांदा बदलला त्या कथेचं नाव ‘द टेन्थ प्लॅनेट’, म्हणजे दहावा ग्रह, म्हणजे दहावा अवतार. तीन, सगळ्यांत लाडका डॉक्टर दहावा, डेव्हिड टेनंट. म्हणजे कल्की.

टेनंटपासून घेऊ. २०१३मध्ये जॉन हर्ट यांचा एक डॉक्टर आठव्या आणि नवव्याच्या मध्ये घुसवला गेला. अवतारांसारखी मोजणी करायची तर टेनंट अकरावा होतो. कल्की एक घर पुढे सरकला. २०२०मध्ये जो मार्टिन यांचा आणखी एक डॉक्टर कुठूनतरी आधीच्या काळातून उगवला, तो कुठे बसवायचा ते आम्ही चाहते अजून भांडतोय. दहावर थांबणारी ही यादीच नाही.

‘दहावा ग्रह’ तर हसण्यावारी न्यायचा मुद्दा. १९६६ साली शाळेत नऊ ग्रह शिकवत, शेवटचा प्लूटो. लेखकांनी एक नवा ग्रह आणला, मोंडास, सायबरमेन नावाच्या यंत्रमाणसांचा. नवाच्या पुढे दहा येतात. २००६मध्ये प्लूटोला यादीतून काढलं, तेव्हा आता त्या कथेला वराह म्हणायचं की नृसिंह?

आणि वारिस हुसेन. यांनी दिग्दर्शित केलं काय? पहिल्या कथेचे चारही भाग, आणि १९६४च्या ‘मार्को पोलो’चे बहुतेक भाग. मग ते दुसऱ्या कामांकडे गेले. डॉक्टर पहिल्यांदा बदलला २९ ऑक्टोबर १९६६ला. तोवर निर्माते बदलले होते, कथा-संपादक बदलले होते. बदल करावा लागला कारण पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल आजारी होते. संवाद विसरत. त्याच शेवटच्या कथेच्या तिसऱ्या भागात ते आजारपणामुळे नाहीतच, त्यांची वाक्यं दुसऱ्यांना वाटून दिली. मालिका चालवायची होती, नट थकला होता. निर्माते इनेस लॉइड यांनी तोड काढली : पात्र परग्रहावरचं आहे ना, मग शरीरच बदलू दे. आपल्याकडे ‘या भूमिकेत आजपासून’ अशी पाटी लावून सून बदलतात. त्यांनी पाटीऐवजी विज्ञानकथा लावली, इतकंच.

हे मी मनचं सांगत नाही. बीबीसीच्या अर्काइव्हमध्ये १९६६चं एक टंकलिखित टिपण आहे, नवा डॉक्टर कसा असावा याचं. त्यात म्हटलंय की हा बदल सुमारे पाचशे वर्षांत होतो, तो भयंकर अनुभव असतो, आयुष्यातले असह्य क्षण त्यात पुन्हा जगावे लागतात. आणि उपमा कशाची दिली आहे? एलएसडीची. नशा चढायच्या ऐवजी नरक दिसावा, तसं. विष्णू नाही, गीता नाही, वासांसि जीर्णानि नाही. एलएसडी. साठच्या दशकातलं लंडन आहे ते, मावशी. हे पान भाचीला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘हे हस्तलिखितात कसं लिहू?’ तो प्रश्न मात्र रास्त आहे.

शिवाय अवतार असे चालतातच कुठे? मत्स्य मरून त्याचा कूर्म होत नाही. परशुराम तर रामाच्या समोर उभा राहतो, दोघं एकाच वेळी. (खरं तर इथे फॉरवर्डवाल्याला चांगला मुद्दा सापडला असता, कारण वेगवेगळे डॉक्टरही अधूनमधून एकमेकांना भेटतात आणि परशुरामासारखेच एकमेकांवर खेकसतात. त्याला सुचलं नाही. मी फुकट देतो.)

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल, आणि ती मला करायची नव्हती. पूर्वेकडचा धागा आहे. पण तो १९६३चा नाही आणि लखनौचाही नाही. सत्तरच्या दशकातले निर्माते बॅरी लेट्स बौद्ध विचारांचे होते. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या १९७४च्या ‘प्लॅनेट ऑफ द स्पायडर्स’मध्ये इंग्लंडच्या खेड्यात तिबेटी ध्यानकेंद्र आहे, तिथला रिंपोचे, म्हणजे मुख्य लामा, प्रत्यक्षात डॉक्टरचाच जुना गुरू निघतो, आणि अहंकार आणि भीती सोडून मरणाला सामोरं जाणं हाच कथेचा गाभा आहे. ‘रीजनरेशन’ हा शब्द मालिकेत या बदलासाठी पहिल्यांदा उच्चारला गेला तो इथेच. पहिल्या बदलानंतर आठ वर्षांनी. तिबेटी लामांची कामं गोऱ्या नटांनी केली आहेत, आज बघताना ते चांगलंच खटकतं. तरी धागा खरा आहे. आता मावशी म्हणेल, बुद्ध नववा अवतार धरतात ना? म्हणेलच.

मला राग या सगळ्याचा नाही. राग वारिस हुसेन यांच्यासाठी येतो. भाचीच्या लेखात त्यांच्यावर एकच वाक्य होतं : ‘त्यांनी आपली संस्कृती परदेशात नेली.’ म्हणजे माणूस काही करत नाही, नुसता पार्सल पोचवतो. प्रत्यक्षात हे केंब्रिजला शिकलेले, चोवीस वर्षांचे होते. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट तिशीच्या आतल्या. बीबीसीच्या नाट्यविभागात एक तरुण बाई आणि एक भारतीय वंशाचा पोरगा, आणि हातात लहान मुलांची मानली जाणारी मालिका. लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ जुना, कोंदट आणि अवजड कॅमेऱ्यांना पुरेल इतका मोठाही नाही. पहिला भाग सप्टेंबरात चित्रित झाला तेव्हा यानाची दारं धड बंदच होईनात, मागे धाडधाड आपटत राहिली. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी तो पाहिला आणि सांगितलं, पुन्हा करा. ऑक्टोबरात पुन्हा केला.

त्या पहिल्या भागाची सुरुवात एकदा नीट बघा. धुकं, रात्र, एक पोलीस शिपाई टॉर्च घेऊन भंगारवाल्याच्या फाटकापाशी येतो, बघतो, निघून जातो. फाटक आपोआप उघडतं. कॅमेरा आत जातो, मोडक्या सामानातून वाट काढत, कुणाच्याही नजरेतून नाही, आपण होऊन. आणि भंगारात एक पोलीस बॉक्स दिसतो, ज्याने तिथे असता कामा नये. तो गुणगुणतोय. संवाद एकही नाही. हे वारिस हुसेन यांचं काम आहे. त्यांच्याबद्दल अभिमान वाटून घ्यायचा तर यासाठी वाटून घ्या ना.

बाकीचे मुद्दे भराभर.

बारा वेळांचा हिशेब फॉरवर्डने बरोबर मांडलाय, हे मान्य. जॉन हर्टचा एक धरला आणि टेनंटने एक बदल तोच चेहरा ठेवून वाया घालवला तोही धरला, तर टेनंटच्या नंतरच्या मॅट स्मिथपाशी तेरावं, म्हणजे शेवटचं, आयुष्य येतं. फक्त ज्या भागात हा हिशेब संपतो, २०१३च्या नाताळचा, त्याच भागात डॉक्टरला नवी शिल्लक मिळते. पडद्यावर, सगळ्यांदेखत. शेवटची दहा मिनिटं न बघता मृत्युपत्र वाचलं की असं होतं. मुळात बाराची अट १९७६ची, रॉबर्ट होम्स यांच्या ‘द डेडली अॅसॅसिन’मधली. त्या कथेत खलनायकाची आयुष्यं संपलेली हवी होती, म्हणून मर्यादा आली. त्याच वर्षी जानेवारीत, होम्सच कथा-संपादक असताना, एका कथेत हार्टनेलच्याही आधीचे आठ चेहरे दाखवले होते. ते चेहरे कुणाचे? मालिकेच्याच मंडळींचे, त्यात खुद्द होम्स. स्वतःचा चेहरा हिशेबात टाकून मग वर्षअखेर बाराची मर्यादा घालणारा माणूस नियम किती मनावर घेत असेल?

‘डॉक्टर हू’ म्हणणारा अडाणी असेल, तर १९६३पासून १९८१पर्यंतच्या श्रेयनामावल्या अडाणी आहेत, कारण तिथे पात्राचं नाव तसंच आहे. १९६६च्या एका कथेत एक संगणक त्याला चक्क डॉक्टर हू म्हणतो. मीसुद्धा ‘डॉक्टर’च म्हणतो, पण कुणाची अक्कल काढत नाही. आणि डालेक १९८८मध्ये जिना चढला. तरंगत. तेव्हा जन्मलेली मुलं आज पस्तिशी ओलांडून गेली, विनोद तोच आहे.

राहिली विसंगती. एकही नाही? आमची निम्मी भांडणंच त्याच्यावर चालतात. सत्तरच्या दशकातल्या युनिट या लष्करी पथकाच्या कथा नेमक्या कोणत्या साली घडतात? १९७५च्या कथेत डॉक्टरसोबत फिरणारी सारा जेन सांगते, मी १९८०मधली. १९८३च्या कथेत तिच्या काळातला युनिटचा प्रमुख, ब्रिगेडियर, १९७७ सालीच निवृत्त होऊन शाळेत शिकवतोय. तो गुंता इतका गाजला की २००८मध्ये डॉक्टरच्याच तोंडी घातलं : मी यांच्यासाठी सत्तरच्या दशकात काम करायचो, की ऐंशीच्या?

माझं आवडतं उदाहरण अॅटलांटिसचं. १९७१च्या ‘द डीमन्स’मध्ये एक राक्षस म्हणतो, ते आम्ही नष्ट केलं. बरोबर वर्षाने, १९७२च्या ‘द टाइम मॉन्स्टर’मध्ये ते डोळ्यांदेखत क्रोनोस नावाचा भलताच प्राणी बुडवतो. दोन्ही कथांमागे हात तेच, रॉबर्ट स्लोमन आणि वरचे बॅरी लेट्स. एका वर्षात विसरले, किंवा त्यांना पर्वा नव्हती. म्हणे आधीच ठरलेलं.

हे सगळं मी भाचीला रविवारी फोनवर सांगितलं. लेख मागे घे म्हटलं नाही, वारिस हुसेन यांच्यावर लिही म्हटलं. ती जरा घुश्शात होती. संध्याकाळी मेसेज आला : ‘मामा, अॅटलांटिस दोनदा नाही. १९६७ मध्ये पण बुडलंय, दुसऱ्या डॉक्टरच्या, ट्रॉटनच्या वेळी. तीनदा.’

बघितलं. तीनदाच आहे.