साउइन, गुरं आणि रिकामी खुर्ची: एका प्रतिक्रियेला उत्तर

बाई, नमस्कार. अनेक वर्षं शाळेत इतिहास शिकवल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून बाईच म्हणते.

साउइन, म्हणजे ३१ ऑक्टोबर-१ नोव्हेंबरचा जुना आयरिश सण, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही धागा सापडेल. ‘साउइन हा दोन हजार वर्षांपासूनचा मृतांचा सण’ या माझ्या वाक्याला पुरावा नाही आणि मृत्यूशी त्याचा संबंध मागाहून चिकटवलेला आहे, हा पहिला आक्षेप. मी ज्याची भलावण केली ते ‘मुकं जेवण’, म्हणजे गेलेल्या माणसासाठी खुर्ची आणि ताट मांडून न बोलता केलेलं जेवण, मुळात लग्नाळू मुलींचा खेळ होता, त्याला श्राद्धाचा आव कशाला आणि ते ताट सकाळी कचऱ्यातच जात असणार, हा दुसरा. तुमची भाची मेलबर्नला हा सण ३० एप्रिलला करते. तारीख सहा महिने सरकवता येत असेल तर त्याला अर्थ काय, हा तिसरा. आणि पितृपक्ष असताना मराठी माणसाने याच्या वाटेला जावंच का, हा चौथा.

पहिल्यातला पुराव्याचा भाग बिनशर्त मान्य. ते वाक्य आज लेखातून काढलं आहे. साउइन जुना आहे यात शंका नाही. मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये वर्षाच्या चार सांध्यांपैकी तो एक: राजे जमतात, मेजवान्या होतात, आणि टेकड्यांच्या पोटात राहणाऱ्या लोकांची दारं त्या रात्री उघडतात. पण हे टेकड्यांतले लोक म्हणजे कुणाचे वारलेले आजे-पणजे नव्हेत, ती वेगळीच जमात. मृतांची आठवण या दिवसांना जोडली ती चर्चने, आणि त्याचा उगमही आयर्लंडमध्ये दिसत नाही. सुमारे इ.स. ८०० च्या आयरिश संतदिनावलीत सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला आहे. १ नोव्हेंबर ही तारीख त्याच सुमारास इंग्लंड-जर्मनीकडे रुजत होती. २ नोव्हेंबरचा सर्व मृतांचा दिवस फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा अधिपती ओडिलो याने इ.स. १००० च्या आसपास सुरू केला. वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लागतात, त्या या ओडिलोच्या वाटेने आलेल्या. साउइन म्हणजे ‘केल्टिक नववर्ष’ ही कल्पना जॉन ऱ्हीस या वेल्श विद्वानाने एकोणिसाव्या शतकात मांडली. आज पेगन मंडळी, म्हणजे युरोपातले ख्रिस्तपूर्व निसर्गपूजक सण नव्याने पाळणारे लोक, पाळतात ते आठ सणांचं वर्षचक्र १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जुळवलं गेलं, जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकोल्स यांच्या मंडळींत. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९६ साली या सगळ्याची नीट छाननी केली, आणि जाणत्या पेगनांनी ती स्वीकारलीही आहे. मला ते माहीत असून मी ढिसाळ वाक्य लिहिलं, ही चूक माझी.

पण मृत्यूचा संबंध मागाहून चिकटवलेला, हे मला पटत नाही. संबंध आहे, फक्त तो भुतांचा नाही, गुरांचा आहे.

१ मेच्या सुमारास, बेल्टन या सणाला, गुरं डोंगरावरच्या कुरणात चढवायची आणि साउइनला खाली आणायची, असा आयर्लंडमधला जुना क्रम. आठव्या शतकातला इंग्रज भिक्षू बीड लिहितो की आयर्लंडात बर्फ तीन दिवसांपेक्षा जास्त क्वचितच टिकतं, म्हणून तिथे कुणी हिवाळ्यासाठी उन्हाळ्यात गवत कापून ठेवत नाही की गुरांसाठी गोठे बांधत नाही. याचा अर्थ नीट पाहा. गंजी नाही. गुरांनी हिवाळाभर खायचं ते राखून ठेवलेल्या शेतातलं उभं गवत. आणि जमिनीचं तापमान ५-६ अंशांखाली गेलं की गवताची वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे ऑक्टोबरअखेर रानात जेवढं उभं आहे, तेवढंच मार्चच्या मध्यापर्यंत पुरवायचं. हे साधारण १३५ दिवस. आजच्या ढोबळ हिशेबाने जनावराला रोज वजनाच्या दोन टक्के सुका चारा लागतो. २५०-३०० किलोची लहान चणीची गाय धरली तर दिवसाला ५ ते ६ किलो, हिवाळाभरात ७०० ते ८०० किलो. असं प्रत्येक जनावरामागे.

मग कुणाला ठेवायचं? गाभण गाय राहते, चांगल्या वळणाची कालवड राहते, एखादा वळू राहतो. भाकड म्हातारी गाय आणि जास्तीचे गोऱ्हे कापायचे. उन्हाळाभर चरून ती तेव्हाच सगळ्यात अंगाने भरलेली असतात, शिवाय थंडी पडल्यामुळे मांस खारवताना नासत नाही. इथे चूक होते ती मायेपोटी. एकही कमी करवत नाही म्हणून सगळी ठेवली तर फेब्रुवारीत सगळीच हाडावर येतात. गाभण गाय अंगातलं झिजवून वासरू पोसते, वासरू अशक्त निपजतं, आणि मे महिन्यात, जेव्हा माणसांची सारी भिस्त दुधावर, तेव्हा आचळात दूध नसतं. एक वाचवायला गेलं की चार जातात. शेजारच्या इंग्लंडात तर, बीडच सांगतो, नोव्हेंबरला ‘रक्ताचा महिना’ म्हणत, कारण कापायची गुरं त्या महिन्यात देवांना वाहत.

याच दिवसांतली दुसरी गोष्ट आजही ब्रिटन-आयर्लंडच्या डोंगरी वाड्यांवर बघायला मिळते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एडका मेंढ्यांत सोडतात. त्याच्या छातीला तेलात कालवलेला रंग फासतात, किंवा पट्ट्याने रंगाची वडी बांधतात. ज्या मेंढीवर तो चढला तिच्या पाठीवर डाग उमटतो. साधारण १७ दिवसांनी मेंढी पुन्हा माजावर येऊ शकते, म्हणून तेवढ्या अंतराने रंग बदलतात: पहिला पिवळा, मग लाल, मग निळा, फिक्याकडून गडदाकडे, नाहीतर आधीच्या गडद डागावर नवा डाग दिसत नाही. कोणती मेंढी कधी विणार ते रंगावरून कळतं. सगळ्यांच्या पाठी नव्या रंगाने पुन्हा माखल्या तर एडक्यात दोष आहे हेही तेव्हाच कळतं. गाभणकाळ १४७ दिवसांचा. ५ नोव्हेंबरला सोडलेल्या एडक्याची कोकरं १ एप्रिलपासून, म्हणजे गवत फुटायच्या वेळेला. एका वाड्यात सुरी आणि शेजारच्या कुंपणात रंग लावलेला एडका, दोन्ही एकाच पंधरवड्यात. पेगन लोक जन्ममरणाच्या चाकाबद्दल बोलतात तेव्हा मला ते चाक इथे फिरताना दिसतं, आणि त्यासाठी कुठल्या ड्रुइडाची, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहिताची, साक्ष काढावी लागत नाही.

आता मुकं जेवण. तुमचं म्हणणं बरोबर आहे: ब्रिटनमध्ये आणि पुढे अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत अविवाहित मुली मध्यरात्री न बोलता, सगळं उलट्या क्रमाने करत ताट मांडायच्या आणि रिकाम्या जागेवर होणाऱ्या नवऱ्याची छाया दिसते का ते बघायच्या. गेल्या काही दशकांत पेगनांनी त्याच मांडणीत नवऱ्याच्या जागी गेलेल्या माणसाला बसवलं. हा बदल लपवायचं कारण नाही. मला विचाराल तर बदल चांगला झाला. जे अजून आलेलं नाही त्याच्यासाठी मांडलेली खुर्ची, गेलेल्यासाठी मांडली. आव आहे की नाही, हे जेवण कसं होतं त्यावरून ठरवावं, म्हणून नेमकं सांगते.

माणसं सहा ते आठ, त्याहून जास्त नकोत. टेबलाच्या डोक्याशी एक खुर्ची, तिच्यावर काळं किंवा पांढरं कापड, समोर पूर्ण ताट. प्रत्येकाने गेलेल्याला उद्देशून चार ओळींची चिठ्ठी आधीच लिहून आणायची. उंबरठा ओलांडला की बोलणं बंद. वाढणं आधी त्या खुर्चीला, मग वयाने मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा ठेवतात, गोड आधी. पाऊण तास पुरतो. शेवटी एकेकाने खुर्चीपाशी उभं राहून मनातलं मनात बोलायचं, चिठ्ठी जाळायची आणि बाहेर पडायचं.

मौन मोडतं ते बहुतेक वेळा मिठामुळे. मीठ, पाणी, जास्तीचे चमचे, हात पुसायचं फडकं, यातलं काहीही स्वयंपाकघरात राहिलं की कुणीतरी खुणा करू लागतं, दुसऱ्याला हसू येतं आणि सगळं विस्कटतं. म्हणून सगळं आधी टेबलावर. पदार्थ मऊ हवेत: कॉलकॅनन, म्हणजे लोणी घालून घोटलेल्या बटाट्यात उकडलेली केल किंवा कोबी आणि कांद्याची पात, आणि ब्रॅक, म्हणजे मनुका-बेदाण्यांचा गोड आयरिश पाव. साध्या ब्रॅकला ३५० ग्रॅम मनुका-बेदाणे ३०० मिली कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजवायचे, सकाळी त्यात बेकिंग पावडर घातलेला २२५ ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं, चमचाभर दालचिनी-जायफळाची पूड. चहा पूर्ण गार हवा, नाहीतर अंडं फुटून गुठळ्या होतात. १७० अंशांवर तासभर. वरून लवकर काळवंडला तर फॉइल झाकायची, तापमान कमी करायचं नाही, आत कच्चा राहतो. त्यात अंगठी आणि नाणं घालायची आयरिश रीत आहे, पण मुक्या जेवणात नको. दाताखाली धातू आला तर माणूस बोलणारच.

चिठ्ठ्या जाळताना अपघात होतात. बिडाचं जाड भांडं, तळाशी चार बोटं वाळू, भांड्याखाली फरशी, बाजूला पाण्याची बादली, आणि एका वेळी एकच चिठ्ठी. आठ एकदम टाकल्या की ज्वाळा हातभर वर येते आणि जळते तुकडे उडतात. चकचकीत कागद नको, फोटो तर मुळीच नको. धुपाचे कोळसे पेटवणार असाल तर खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू वास न येता साठतो. मेणपणत्या एकमेकींना चिकटवून ओळीने ठेवल्या तर मेण जास्त तापून एकदम भडकतं. वीतभर अंतर ठेवा.

आणि ज्याच्या घरातलं माणूस नुकतंच गेलं आहे त्याला या टेबलावर आग्रहाने बसवू नये. पाऊण तासाची शांतता त्याला सोसवेलच असं नाही. त्याची जागा दाराजवळ ठेवावी, आणि उठून गेल्यास एकाने मागोमाग जायचं हे आधीच ठरवून ठेवावं. नवखे यजमान हे विसरतात, आणि मला ही चूक बाकी सगळ्या चुकांपेक्षा मोठी वाटते.

मेलबर्नबद्दल: तुमची भाची बरोबर वागते आहे. साउइन तारखेला बांधलेला नाही, उजेड ओसरण्याला बांधलेला आहे. डब्लिनमध्ये ३१ ऑक्टोबरला दिवस पावणेदहा तासांचा उरतो आणि २१ डिसेंबरपर्यंत साडेसातवर येतो. दक्षिण गोलार्धात हीच उतरण एप्रिल-मेमध्ये असते. ऑक्टोबरअखेर तिथे वसंत चालू असतो. तेव्हा मरणाचा सण करणं हाच खरा बनाव झाला असता. म्हणून तिथले बहुतेक पेगन ३० एप्रिल धरतात.

आणि याच हिशेबाने चौथा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. पुण्यात किंवा साताऱ्यात ३१ ऑक्टोबरला साउइन करा, असं मी कुणाला सांगणार नाही. तेव्हा आपल्याकडे खरीप घरात आलेलं असतं आणि रब्बीची ज्वारी मातीतून वर येत असते. रान तेव्हा मरत नाही. आपल्याकडे चारा संपतो तो वैशाखात. पितृपक्ष अपुरा आहे असंही मी म्हटलं नव्हतं. तिथीची व्यवस्था, अविधवा नवमी, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची घात चतुर्दशी, तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री, इतकी बारीक वर्गवारी साउइनमध्ये कुठेच नाही. साउइन सगळ्यांना सामावतो आणि श्राद्ध फक्त कुळापुरतं, असं पुष्कळदा म्हटलं जातं, तेही खरं नाही. महालयात गुरू, मित्र, आप्त येतात, आणि ज्यांचं मागे कुणीच नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड असतो. पण डब्लिनला किंवा लीड्सला घर केलेल्या मराठी माणसाच्या खिडकीबाहेर नोव्हेंबरमध्ये खरंच दुपारी साडेचारला अंधारून येतं. त्याने भाद्रपदात तर्पण करून नोव्हेंबरात शेजाऱ्याच्या टेबलावर त्या खुर्चीसमोर बसायला काय हरकत आहे?

राहिलं ताट. ते ताट कचऱ्यात जाऊ नये हे मलाही मोलाचं वाटतं. पुष्कळजण ते रात्री बागेत उघड्यावर ठेवतात, आणि ते धोक्याचं आहे: ब्रॅकमधल्या मनुका आणि कॉलकॅननमधली कांद्याची पात, दोन्ही कुत्र्यांना विषारी. शेजारचं कुत्रं कुंपणाखालून आलं तर सकाळी प्रकरण डॉक्टरपर्यंत जातं. उघड्या खताच्या ढिगावर शिजवलेलं अन्न टाकलं की उंदीर येतात. म्हणून बंद झाकणाचा खतडबा. त्यात ताट उपडं करायचं, वर वाळकी पानं आणि मूठभर माती. नोव्हेंबरात पानांना तोटा नसतो. थंडीत ते सावकाश कुजतं, त्यामुळे वसंतात डबा उघडून लगेच वाफ्यात ओतू नका. उन्हाळाभर मुरू द्या आणि पुढच्या शरदात मातीत मिसळा.